शेवटचं काय बदललं?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. मी आयटीत लागल्यापासून माझी सुट्टी शनिवार-रविवार झाली, पप्पांची गुरुवारच राहिली. त्यामुळे कधीतरी बुधवारी 'वर्क फ्रॉम होम' घ्यायचं आणि लॅपटॉप घेऊन भोसरीला गाळ्यावर जाऊन बसायचं, अशी सवय मी लावून घेतली होती. काम दोघांचंही होतं, आणि दुपारचा डबा सोबत खाता यायचा.

गाळा म्हणजे दोन लेथ, एक मिलिंग, एक सेकंडहँड सीएनसी आणि कोपऱ्यात काचेची केबिन. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे असतात, त्यांना पार्ट पुरवणारे असतात, आणि त्यांना बुश, पिना, स्पेसर करून देणारे आमच्यासारखे असतात. केबिनमध्ये जुना डेस्कटॉप होता. ड्रॉइंग बघणं, इन्स्पेक्शन रिपोर्ट, बिल, चलन, सगळं त्याच्यावर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्याच्यावरचं चोरीचं विंडोज काढून झुबुंटू टाकलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरचं वारं तेव्हा माझ्या अंगात नवीनच शिरलं होतं, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग करून मन भरलं नव्हतं. पप्पांनी एवढंच विचारलं, "यात एक्सेल आहे का?" मी म्हणालो, आहे तसंच. ते म्हणाले, मग टाक.

गोष्ट ऑगस्ट २०२२ची. संध्याकाळी साडेसातपर्यंत माल चाकणला गेटमध्ये जायला हवा होता, कारण गुरुवारी सगळं बंद. सव्वापाचला मी पप्पांच्या कॉम्प्युटरवर आलेलं अपडेट मारलं. कुणी मागितलेलं नव्हतं. लिनक्स तुमच्या छातीवर बसून रीस्टार्ट करायला लावत नाही, हे मी लोकांना नेहमी कौतुकाने सांगतो. त्या दिवशी रीस्टार्ट मीच दाबला.

बोर्डाचा लोगो आला, गेला. मग काळा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक छोटी आडवी रेघ.

पप्पा हात पुसत आत आले. "मशीन मेलं का?" मी कॅप्स लॉक दाबून पाहिलं. कीबोर्डावरचा दिवा लागत-विझत होता. म्हणजे आतलं चालू होतं, फक्त दाखवता येत नव्हतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबल्यावर पांढऱ्या अक्षरांतलं लॉगिनही आलं. मी खूश. हे आता दोन मिनिटांचं काम.

"शेवटचं काय बदललं?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही, नेहमीचं अपडेट."

हे खरं नव्हतं. पण ते मला नऊ वाजता आठवलं.

त्यानंतर मी जे केलं ते अशा प्रसंगी बहुतेक जण करतात. मोबाइलवर शोधलं, आणि आपल्यासारखंच दिसणारं दुखणं कुणाला झालंय ते पाहून त्याचं औषध स्वतः घेतलं. पहिल्यांदा ग्रबच्या ओळीत 'नोमोडसेट' घातलं. रीस्टार्ट. काळं. मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर मुळासकट काढून टाकला, म्हणजे लिनक्स आपला स्वतःचा ड्रायव्हर वापरेल. रीस्टार्ट. काळंच. मग आणखी दोन कमांड मारल्या, त्या काय करत होत्या हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

सहा वाजता पप्पा परत आले. "फाइल आत आहे ना? पेन ड्राइव्हवर काढ. शेजारच्या गाळ्यात प्रिंट मारू."

हे सहज शक्य होतं. काळ्या पडद्यावरून फाइल कॉपी करायला पाच मिनिटं लागतात, आणि ते करायला मला नक्की येत होतं. पण मी म्हणालो, "पप्पा, दोन मिनिटं. होतंय." त्यात एक चिडही होती, ती त्यांना ऐकू गेली असणार. ते काही बोलले नाहीत. पावणेसातला टेम्पोवाल्याने फोन करून विचारलं, येऊ का. भोसरीहून मोशीमार्गे चाकणला त्या वेळेला निघायचं म्हणजे ट्रॅफिक काय असतं हे इकडच्यांना सांगायला नको. पप्पांनी त्याला नको म्हणून सांगितलं. आमचे जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते जाता जाता म्हणाले, "काढून टाक रे तुझं ते लिनक्स." मला उत्तर सुचलं नाही.

मग घाई उरली नाही, म्हणून मी लॉग उघडला. आधीच उघडायला हवा होता.

पडद्यावर चित्र काढण्याचं काम आमच्या त्या कॉम्प्युटरवर 'एक्स' नावाची जुनी व्यवस्था करते. १९८४मध्ये एमआयटीत सुरू झालेली, माझ्याहून कितीतरी मोठी. तिची जागा घ्यायला निघालेलं वेलँड २००८पासून येतंय, पण झुबुंटूवर तेव्हा एक्सच होतं. एक्स सुरू होताना काय काय करून पाहिलं ते सगळं एका फाइलीत लिहून ठेवतं, आणि चुकीच्या ओळीपुढे दोन ई लावतं. मला तशा मोजक्याच ओळी मिळाल्या. एनव्हिडियाचं मॉड्यूल सापडलं नाही, आणि शेवटी, एकही स्क्रीन सापडली नाही.

मी तर ते मॉड्यूल काढून टाकलं होतं, मग एक्स अजून तेच का शोधतंय? कारण वर्षभरापूर्वी मी स्वतःच्या हाताने एक कॉन्फिग फाइल लिहून त्यात 'एनव्हिडियाच वापर' असं बजावलं होतं. मॉनिटर जुना चौकोनी, १७ इंची. व्हीजीए केबलच्या एका पिनेची बोंब होती, त्यामुळे मॉनिटर आपली माहिती कार्डाला कळवत नसे आणि चित्र १०२४ बाय ७६८वर अडकून राही. ते १२८० बाय १०२४ करण्यासाठी ती फाइल. एक्सला असा हुकूम दिला नाही तर ते आपलं आपण जमवून घेतं. दिला, तर त्याच्याबाहेर जात नाही.

आणि मुळात मॉड्यूल गेलं कुठे? पंधरा दिवसांपूर्वी डिस्क भरली म्हणून मी 'हेडर' नावाचं पॅकेज उडवलं होतं. फुकट जागा खाणाऱ्या सोर्स कोडच्या फाइली वाटल्या. कर्नल बदलला की एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो, आणि बांधायला ते हेडर लागतात. नवा कर्नल आला, हेडर नव्हते, ड्रायव्हर बांधला गेला नाही. साधा दोष होता.

उपाय त्याहून साधा होता. ग्रबच्या यादीत जुना कर्नल असतोच, त्याच्यासाठी बांधलेला ड्रायव्हर डिस्कवर होता. तो निवडला असता तर सव्वापाच वाजून वीस मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं असतं. पण सहाच्या आत मी ड्रायव्हरच उपटून टाकला होता, तोही सगळ्या कर्नलमधून. ती वाट मीच बंद केली.

लिनक्सचा एनव्हिडियासाठीचा स्वतःचा ड्रायव्हर म्हणजे 'नूव्हो'. फ्रेंचमध्ये अर्थ 'नवा'. कार्डाच्या आतलं काही माहीत नसताना, त्याचं वागणं बघून बघून लोकांनी तो लिहिला. लिनस टोरवाल्ड्सने २०१२मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं ते याच बंद दारांवरून. आमच्या हॉस्टेलवर ती क्लिप आम्ही भक्तिभावाने बघायचो. मे २०२२मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केला खरा, पण तो नव्या कार्डांसाठी. आमचं जीटी ७१० त्यात बसत नव्हतं. असो. मुद्दा असा की नूव्हो पडदा ज्या मार्गाने ताब्यात घेतो, तोच मार्ग 'नोमोडसेट' बंद करतं. म्हणजे माझं पहिलं औषध दुसऱ्याला लागू पडू देत नव्हतं.

पप्पा एवढा वेळ खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. मी हे सगळं त्यांना सांगितलं, हेडरसकट. लेथवर जॉबला लहरी यायला लागल्या तर ते टूल बदलतात, चालवून बघतात. मग फीड बदलतात, चालवून बघतात. दोन गोष्टी एकदम बदललेल्या मुलाला ते पूर्वी गाळ्यावर सर्वांदेखत झापायचे. मला म्हणाले, "आता घातलेलं एकेक काढ."

नोमोडसेट काढलं. कॉन्फिग फाइल बाजूला ठेवली. रीस्टार्ट. अकराला दहा कमी असताना लॉगिनचा निळा पडदा आला. १०२४ बाय ७६८, फुगलेला, धुरकट, कडा पसरलेल्या. मी लगेच म्हणालो, "हे तात्पुरतं आहे. उद्या येऊन पहिल्यासारखं बारीक करतो."

पप्पांनी ड्रॉइंग उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे बरंय की. अक्षरं वाचता येतात." थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या वर्षी तू ते बारीक केलंस तेव्हापासून मी मोबाइलवर फोटो काढून मोठं करून बघत होतो."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू एवढा खूश होतास."

माल शुक्रवारी सकाळी गेला. डिलिव्हरीच्या रेटिंगमध्ये आमचे मार्क कापले गेले, आणि पुढच्या महिन्यातली स्पेसरची ऑर्डर अर्धीच आली. ते त्या एका उशिरामुळे की आणखी कशामुळे, हे पप्पांनी सांगितलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. मामा मात्र अजून लिनक्सवरून टोमणे मारतात.

मशीनच्या मेंटेनन्सचं एक लांबुळकं रजिस्टर गाळ्यावर असतं. कुठलं बेअरिंग कधी बदललं, ऑइल कधी घातलं, तारीख आणि सही. त्या गुरुवारी मी हेडर आणि ड्रायव्हर परत टाकायला गेलो तेव्हा पप्पांनी त्यात मागच्या बाजूने एक पान आखून ठेवलं होतं. वर त्यांच्या अक्षरात 'कॉम्प्युटर'. पहिली नोंद मी केली: हेडर टाकले, ड्रायव्हर टाकला, कॉन्फिग फाइल परत ठेवली नाही, स्क्रीन १०२४ बाय ७६८. सही केली. पप्पांनी ती वाचून खाली आपलीही केली.