चार आपा कोसबाडला

कोसबाड हे नाव आम्हाला पहिल्यांदा भेटलं ते परीक्षेत. 'टिपा लिहा'मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हमखास यायच्या. चार ओळी पाठ करायच्या, गुण घ्यायचे आणि विसरून जायचं. हे गाव आपल्याच कोकणपट्टीत, डहाणू तालुक्यात आहे आणि सकाळी निघून रात्री घरी परतता येतं, हे वीस वर्षं शिकवत असूनही आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही चौघी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका उर्दू प्राथमिक शाळेत शिकवतो. जाण्याचं कारण आमची पहिली. या वर्गात येणारं मूल घरी कोकणी बोलतं. आजीच्या मांडीवर ते होडी, पाऊस, कोंबडी, चिंबोरी शिकून आलेलं असतं. शाळेत आलं की पुस्तकात कश्ती, बारिश, मुर्गी, केकडा. मराठीच्या तासाला होडी पुन्हा होडी होते, पण ती डावीकडून उजवीकडे लिहायची. उर्दू उजवीकडून डावीकडे. सहा वर्षांच्या जिवाला हे सगळं एकाच वर्षात. काही मुलं झपाट्याने पुढे जातात. काही मात्र बोलायचंच बंद करतात. घरी दिवसभर टकळी चालू आणि वर्गात तोंडाला कुलूप. अम्मी येऊन सांगते, "आपा, घरात तर ही कुणाला ऐकत नाही." आणि आम्हाला वर्गात तिचा आवाज कसा आहे तेही माहीत नसतं.

कोसबाडला ज्या मुलांसाठी काम झालं त्या वारली मुलांची बोलीही पुस्तकातली मराठी नव्हती. तिथे काय केलं गेलं, ते पाहावं म्हणून निघालो.

रमजानमध्ये आमच्या शाळेला सुट्टी होती आणि मराठी शाळा चालू होत्या. वर्ग चालू असताना पाहायचा तर हाच मोका. सेहरी करून, फजर पढून निघालो. पनवेल, मुंबई, विरार असे गाड्या बदलत गेलो. विरार सोडलं की गाडीचा रंग बदलतो. वैतरणेची खाडी लागते, मग सफाळे, केळवे, पालघर, बोईसर. भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका डब्यात ऐसपैस बसलेल्या. आमच्यातल्या एकीने प्रवास म्हणून रोजा पुढे ढकलला होता, पण तिघींच्या समोर तिच्याने पाणीही पिववेना. डहाणू रोडला उतरून पुढे रिक्षा केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. घोलवडचा चिकू नावाजलेला आहे, त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रोजा असताना त्या वाड्यांमधून जाणं ही सब्राची छोटी परीक्षाच होती.

कोसबाडची टेकडी काही फार उंच नाही. पण वर उभं राहिलं की हे काम किती अवघड होतं याचा अंदाज येतो. आज रिक्षा येते. 1945 साली ताराबाई या भागात, बोर्डीला, आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, दादरला शिशुविहार उभं केलं होतं. नाव झालेलं होतं. शहरातच राहिल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्याच 1945 साली इकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. म्हणजे ज्या घरांत पोटाची आणि इज्जतीची लढाई चालू होती, त्या घरांतल्या मुलांना त्या शिकवायला निघाल्या होत्या. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी इथेच काढलं. ताराबाई 1973 साली गेल्या, अनुताई 1992 साली.

बोर्डीला बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती गरीब वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1975 साली सरकारने देशभर बालविकासाची योजना आणली, त्यातल्या केंद्रांना आज आपण हेच नाव वापरतो. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत खिचडी आणायला जाणाऱ्या किती भाभींना या नावाचं मूळ माहीत असेल?

माँटेसरीची साधनं महाग होती. लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, मणी, चकत्या. ते इथे परवडणार कसे? म्हणून शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या आल्या. आम्हाला सगळ्यात पटली ती मात्र कुरणशाळा. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शिक्षकाने कुरणात जायचं. आणि विकासवाडी. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून घरी राहते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. मुलगी गैरहजर का, याचं उत्तर हजेरीपटात नसतं, घरात असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्याकडेही खाडीत कालवं काढायला बायका उतरल्या की त्या दिवशी वर्गातल्या मुली कमी होतात. धाकट्याला कडेवर घेऊन आली तर आम्ही तिला वर्गात बसू देतो. तपासणीच्या वेळी यावरून आम्ही ऐकून घेतलेलं आहे. आता उत्तर द्यायला दोन मोठी नावं मिळाली.

जुनं ऐकून झालं, पण आम्हाला आजचा वर्ग पाहायचा होता. जवळच्या एका पाड्यावरच्या शाळेतल्या बाईंनी आनंदाने बसू दिलं. गावाचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. पहिली-दुसरी एकत्र, जमिनीवर बसलेली. आम्ही चार बुरखेवाल्या दारात दिसल्यावर वर्ग पाच मिनिटं गप्प झाला. मग एका मुलाने विचारलं, "तुम्ही पेपर तपासायला आल्या?" नाही म्हटल्यावर सगळे आपापल्या कामाला लागले.

काम वजाबाकीचं होतं. 32 मधून 15. मुलांसमोर काड्यांचे तीन जुडगे, प्रत्येकात दहा, आणि दोन सुट्या काड्या. दोनमधून पाच कशा काढणार? एक मुलगी थोडा वेळ जुडग्यांकडे पाहत बसली, मग तिने एका जुडग्याचा दोरा सोडला. सुट्या झाल्या बारा. पाच बाजूला केल्या, उरल्या सात. राहिलेल्या दोन जुडग्यांतला एक बाजूला. सतरा. 'हातचा' हा शब्द बाईंनी एकदाही उच्चारला नव्हता. आम्ही फळ्यावर "दशकाकडून एक उसना घ्या" असं सांगत आलो आहोत, आणि चौथीपर्यंत मुलं विचारत राहतात की उसना घेतला तर परत कधी द्यायचा. इथे प्रश्नच उद्भवत नव्हता. दोरा सुटलेला डोळ्यांसमोर होता.

नंतर पानं. पानगळीचे दिवस होते. मुलांनी साग, पळस, मोह, आंबा अशी पानं आणून ढीग केले. बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. घरचा शब्द मुलं सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या. एका शब्दावर मुलांनी बाईंना दुरुस्त केलं. बाईंनी पुसून पुन्हा लिहिलं. वर्गातल्या फळ्यावर आपल्या आईचा शब्द खडूने लिहिला जातो, हे पाहताना त्या मुलांचे चेहरे कसे झाले होते, ते कागदावर उतरवणं आम्हाला जमणार नाही.

काही वाचक म्हणतील, आपल्याकडे हे नाही का? होतं की. मदरशात तख्ती होती. मुलतानी मातीने ती सारवायची, उन्हात वाळवायची, बरूची लेखणी तासायची आणि मग अलिफ काढायचा. हात मळल्याशिवाय अक्षर येत नव्हतं. बिस्मिल्लाखानी चार वर्षं, चार महिने, चार दिवसांनी करायची रीत होती, तोवर पोर अंगणात खेळत असे. आता अडीच वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन घासून घेतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

परतताना डहाणू स्टेशनवर चिकू घेतले, दोन किलो. मगरीबची वेळ गाडीतच झाली. खजूर होतेच, पण त्या संध्याकाळचा इफ्तार खरा चिकूचा. समोरच्या बायकांनाही दिले. त्यांनी त्यांच्याकडची काकडी कापून आमच्यापुढे ठेवली. चिकूच्या बिया आम्ही रुमालात गोळा करत होतो, तेव्हा एकीने विचारलं, "झाडं लावणार का?" काळ्या, चकचकीत, टोकदार, सगळ्या साधारण सारख्या मापाच्या. त्या पाहून आम्हा चौघींच्या मनात एकच आलं होतं. नुक्ते!

उर्दूची गंमत आणि अडचण दोन्ही नुक्त्यात आहे. बे, पे, ते, टे, से. पाचांची नाव एकच, होडीसारखी. खाली एक नुक्ता तर बे, खाली तीन तर पे, वर दोन तर ते, वर तीन तर से. टेच्या डोक्यावर छोटा तो. शब्दाच्या सुरुवातीला आले की होडी जाते आणि नुसता एक दात उरतो, आणि मग नून आणि ये हेसुद्धा त्याच दातावर येऊन बसतात. मोठ्यांना सवयीने कळत नाही, पण नुकतं वाचू लागलेलं मूल इथेच अडखळतं. वर नुक्ता दिला तर खुदा, खाली गेला तर जुदा. आपण यावर हसतो. मूल घाबरतं.

जूनमध्ये नवी पहिली आली. पटावर अकरा मुलं. पाच वर्षांपूर्वी हाच वर्ग तेवीसचा होता. बाकीची कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पिवळी बस रोज गावात येते. आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. पण तीन भाषांतला एकही शब्द धीटपणे न बोलणाऱ्या मुलाला चौथ्या भाषेच्या दारात उभं करून काय होणार, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

फळ्यावर आम्ही दोन नाही, तीन रकाने केले. घरचा, उर्दू, मराठी. आणि जमिनीवर नारळाच्या हिरांनी एक आकार मांडला. उजवीकडे दात, त्याला चिकटून अलिफ, शेजारी सुटी होडी. अक्षर कुठलंच नाही, नुसता सांगाडा. बिया मुलांच्या हातात. दाताखाली एक बी, होडीखाली तीन. बाप. दातावर एक बी ठेवली की नाप. होडीखालच्या तीन काढून तिथे वर दोन ठेवल्या की बात. पहिले दोन दिवस मुलांनी बिया एकमेकांना मारल्या, हेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं.

एक मुलगी जूनपासून काही बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. एके दिवशी ती 'बाप'समोर बसली होती. दाताखालची बी उचलून तिने दातावर दोन ठेवल्या. पाहिलं. आणि मोठ्याने म्हणाली, "बापाला ताप!" वर्ग खदखदून हसला, तीही हसली. ताप हा शब्द तिन्ही रकान्यांत बसतो, तो मुलांनीच मग तिन्हीकडे लिहायला लावला.

आठवड्याभराने तिचे अब्बा आले. ताप वगैरे काही नव्हता, तक्रार होती. "आपा, पोरगी घरी येऊन बिया मागते. शाळेत खेळवता, लिहायला कधी शिकवणार?" आम्ही त्यांना खाली बसवलं. मुलीने हीर मांडले, बिया ठेवल्या आणि बापाला वाचायला लावलं. ते स्वतः याच शाळेतून चौथी झालेले. दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडखळले. मुलीने सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे चांगलं आहे. पण पुढच्या वर्षी तिला इंग्रजी शाळेत टाकायचं ठरलंय." आम्ही म्हटलं, वर्ष अजून पुरतं संपलेलं नाही.

आता जीमचं कुटुंब सुरू करायचं आहे. जीम, चे, हे, खे. यात जीम आणि चेचे नुक्ते अक्षराच्या पोटात जातात. चिकूच्या बिया मुलांनी घरी नेऊन नेऊन संपत आल्यात. एका आजीने डबाभर चिंचोके पाठवले आहेत. दिसायला छान आहेत, पण जरा मोठे. चेच्या पोटात तीन मावत नाहीत, म्हणून मुलं सध्या हीर बदलून मोठं पोट करायच्या मागे लागली आहेत.