चावी फिरवली की लाल दिवा

साखऱ्याहून निघतानाच दाजींनी बजावलं, "हिंगोलीचा मोंढा येईपर्यंत गाडी बंद करायची नाही. कुणाला उतरायचं आसंल तर चालू गाडीतून उतरा." मागे हळदीचे कट्टे रचून ताडपत्री आवळली होती. कांडीचे कट्टे खाली, गट्टूचे वर. दिवस मावळला होता, तरी मे महिन्यातली माती अजून चटके देत होती.

दाजींचा पिकअप जुना, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाचा. डिझेलला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झालेलं हे इंजिन बॅटरी मेली तरी चालत राहतं. दाजींचा सगळा भरवसा त्यावर होता. उन्हाळा लागल्यापासून गाडीनं छळ मांडला होता. एखाद्या दिवशी बॅटरी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. बॅटरी नवी आणून झाली, बेल्ट नवा टाकून झाला, अल्टरनेटर खोलून कार्बन बदलून झाले. आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. सोयाबीनचा भाव आणि दुसऱ्याच्या गाडीचा बिघाड, या दोन विषयांवर मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडत नाही. त्यामुळे पारावर निदानंही भरपूर झाली होती. उष्णतेनं होतं, खड्ड्यांनी होतं, नवी बॅटरीच नकली निघाली, वगैरे.

सेनगाव जवळ आलं तेव्हा हेडलाईट पिवळे पडायला लागले होते. दोन दिवे मिळून आठ-दहा अँपिअर खातात, आणि खाणारं तोंड चालू असताना भरणारा हात थांबला, तर दुसरं काय होणार? त्यात रस्त्यावर वरात आडवी आली. लग्नसराईच ती. डीजेच्या गाडीमागं पोरं नाचत होती. पाऊल-पाऊल सरकताना दाजींचा क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. सेल्फ मारला. टक्. दाजींनी कपाळावर हात मारला. मग नवरदेवाच्या मित्रांनीच, फेटे सांभाळत, हळदीनं भरलेली ती गाडी धक्का मारून चालू करून दिली. एक जण ओरडला, "दाजी, आमची हळद लागून झाली, तुम्ही उशिरा आलाव!"

पुढं रस्ता मोकळा होता. दाजींनी रागानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि मंद पिवळा उजेड एकदम झक्क पांढरा झाला. मी म्हणालो, "हे बघितलंत का?" दाजी म्हणाले, "हे आसंच हाय. मनात आलं की चार्ज करतंय."

नरसी आलं. संत नामदेवांचं हे जन्मगाव, कयाधूच्या काठचं. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबच्या नंबरप्लेटच्या गाड्याही इथं दिसतात. त्या गाड्यांमुळेच असेल, रस्त्याकडेच्या शेडमधल्या वायरिंगवाल्या मिस्त्रींच्या बोलण्यात अधूनमधून 'पाजी' डोकावत होतं. हळदीच्या हंगामात ते रात्री उशिरापर्यंत बसतात म्हणे.

"गाडी बंद करा," मिस्त्री म्हणाले. दाजींचा चेहरा उतरला.

पण तेवढ्या पळण्यानं बॅटरीत थोडी धुगधुगी आली होती. सेल्फनं गाडी उचलली. मिस्त्रींनी मीटर लावला. इंजिन संथ, दिवे चालू: 11.8 व्होल्ट. थोडी रेस दिली, तरी तेवढंच. मग जोरात रेस दिली तसा काटा उडी मारून 14.2 वर गेला, आणि रेस सोडली तरी तिथंच राहिला.

"आता परत बंद करा. चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका."

बॉनेट उघडंच होतं, पण मिस्त्री पाहत होते डॅशबोर्डाकडे. ऑइलचा दिवा लागला. बॅटरीचा लाल दिवा लागला नाही.

"हा कधीपासून लागत नाही?"

"लागत नाही म्हणजे चार्जिंग बरोबर हाय, म्हणून तर आम्ही..."

"गाडी चालू झाल्यावर विझला तर बरोबर. आधी तर लागाय पायजे का नाही?"

अल्टरनेटरमध्ये पक्कं लोहचुंबक नसतं. आत फिरणारी गुंडाळी विजेवरच चुंबक बनते, आणि तिला पहिली वीज मिळते ती या लाल दिव्यातून. एकदा वीज तयार व्हायला लागली की अल्टरनेटर स्वतःचं स्वतः भागवतो आणि दिवा विझतो. दिव्यातूनच काही आलं नाही, तर भिस्त राहते लोखंडात मागं उरलेल्या अगदी किरकोळ चुंबकत्वावर. ते संथ इंजिनात पुरत नाही, जोरात फिरवलं की पकडतं, आणि मग गाडी बंद करेपर्यंत सोडत नाही. आतापर्यंत जिथं जिथं गाडी दाखवली, तिथं रेस देऊनच मीटर लावला होता. मीटर 14 दाखवणारच! गाडी कधी बिघडते हे सगळ्यांनी विचारलं होतं. ती सुधारते कधी, हे पाहणारा माणूस नरसीत भेटला.

तरी मिस्त्रींनी घाई केली नाही. अल्टरनेटरच्या मागचा प्लग काढला, चावी चालू ठेवून त्यातली बारीक वायर बॉडीला टेकवली. वायर आणि बल्ब धड असते तर आता दिवा लागायला हवा होता. लागला नाही. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष, दोष प्लग ते डॅशबोर्ड यांच्यात. मीटरची पेटी उघडून त्यांनी करंगळीच्या नखाएवढा बल्ब काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. काच काळी पडली होती आणि आतली तार तुटून लोंबत होती. बोटानं टिचकी मारली की ती टेकायची, पुन्हा मारली की सुटायची. खड्ड्याखड्ड्यांवर हाच खेळ चालला असणार. खड्ड्यांनी होतं म्हणणारे पारावरचे लोक अगदीच चुकले नव्हते.

दाजी म्हणाले, "एलईडीच टाका, जळायचं कामच नाही."

"ती चूक करू नका, पाजी. हा तीन वॅटचा बल्ब पाव अँपिअर जाऊ देतो. एलईडीतून नखभर करंट जातो, अल्टरनेटर जागाच व्हायचा नाही."

बल्बचे वीस रुपये आणि मजुरीचे शंभर. नव्या बॅटरीची पावती दाजींच्या खिशात होती. ती त्यांनी काढून पाहिली आणि एक सणसणीत शिवी हासडली.

हिंगोलीत हळद मार्केटबाहेर ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअपची रांग लागलेली होती. बीट सकाळी. लोक ताडपत्रीवर आडवे झाले होते, कुणी भाकरी सोडली होती, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळाल्यापासून भाव खरंच वाढला का यावर दोघांचं जुंपलं होतं. रांग हातभर सरकली की दाजी गाडी चालू करायचे, ती पुढं घेतली की बंद करायचे, आणि परत चावी फिरवून नुसतेच बसायचे. लाल दिवा लागलेला बघायला. मागचा ट्रॅक्टरवाला शेवटी उतरून काचेवर थापा मारायला लागला, "ओ दाजी, दिवा काय बघायलाव? गाडी म्होरं घ्या की!"