‘मिळेल’ आणि ‘मिळू शकेल’

ज्याचे पोट भाषांतरावर चालते, त्याच्याकडे नातेवाईक बहुधा एकच वस्तू घेऊन येतात, ती म्हणजे इंग्रजी कागद. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घरी माझी थोरली बहीण असाच एक कागद घेऊन आली. तिच्या मुलाला परदेशी जाऊन आचारी व्हायचे आहे. आधी तिकडे दोन वर्षे शिकायचे आणि मग तिकडेच नोकरी धरायची, असा त्याचा बेत. भाच्याच्या हाताला चव आहे. त्याने केलेला छत्तीसगढी फरा खाऊन, घावनापलीकडे काही न मानणाऱ्या आमच्या आईनेही पुन्हा ताट पुढे केले होते.

मध्यस्थाचे ते पत्र मी जेवता जेवता वाचून दाखविले : “शिक्षण संपताच कामाचा परवाना मिळेल.” दुसऱ्याच दिवशी ताई पाटल्यांचे वजन करून घेण्यास सराफाकडे गेली. सायंकाळी पत्र पुन्हा हाती घेतले आणि मी चरकलो. मूळ शब्द ‘मिळू शकेल’ असा होता, आणि खाली बारीक अक्षरांत ‘त्या वेळच्या नियमांस अधीन राहून’ असेही होते. कचेरीत हीच चूक मी दुसऱ्याच्या मजकुरात तांबड्या शाईने खोडतो! तसाच ताईकडे धावलो. सुदैवाने पाटल्या अजून तिच्या हातातच होत्या.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशी कुशल कामगारांसाठीची पात्रता पदवीच्या पातळीपर्यंत चढविली आणि आचाऱ्यांना नव्याने बोलावण्याची वाट जवळजवळ बंद झाली. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्यात ४८ तासच काम करता येते. त्या मिळकतीवर शुल्क भागेल, हा हिशेब धोक्याचा आहे.

“मग मी जाऊच नये का, मामा?” भाच्याने विचारले. मी त्याला फ्लॉइड कार्डोझ यांची हकीकत सांगितली. मुंबईत वाढलेला हा गोमंतकीय घराण्यातील मुलगा प्रथम जीवरसायनशास्त्र शिकला. पुढे मुंबईत व नंतर स्वित्झर्लंडमध्ये त्याने हॉटेलविद्या घेतली. न्यूयॉर्कला पोचल्यावर इतरांच्या मुदपाकखान्यांत वर्षानुवर्षे राबून १९९८ साली तो ‘तबला’ या उपाहारगृहाचा मुख्य आचारी झाला. २०११ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरची पाकस्पर्धा त्याने जिंकली, ती आपल्या घरचा उपमा अळंब्यांसह मांडून. २०२० साली करोनाने त्याला नेले.

त्याच्याजवळ परवान्याआधी विद्या होती, आणि विद्येआधी घरची चव. परवान्याचे नियम दुसऱ्याच्या हाती असतात. शिकलेला हात मात्र आपला असतो.

भाचा आता हॉटेल व्यवस्थापन संस्थांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत आहे. आधी इथली पदवी, मग इथल्याच मोठ्या मुदपाकखान्यातील अनुभव आणि त्यानंतर परदेश, असे ठरले आहे. पाटल्या ताईच्या हातात आहेत. वेळ आलीच तर ती त्या आनंदाने मोडील. परंतु ती वेळ माझ्या एका चुकलेल्या क्रियापदाने आणली, असे तरी आता होणार नाही.

आपल्याही घरी असा कागद आला, तर वाचकहो, क्रियापद दोनदा वाचा.