उपवासाचा भुईमूग

आमच्या घरीं एकादशीस मूग वर्ज्य, पण भुईमूग ग्राह्य! वस्तुतः दोन्ही शिंबावर्गांतील द्विदल धान्येंच. शिवाय भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आमच्या स्मृतिकारांस तो ठाऊक असणें शक्यच नव्हतें. त्याचें चरित्रही विलक्षण. पिवळें फूल उमलतें जमिनीवर. फलन झाल्यावर आऱ्या खालीं वळून मातींत शिरतात आणि शेंगा तेथें अंधारांत पोसतात. म्हणूनच त्यास भुसभुशीत जमीन मानवते. दाण्यांत सुमारें २५ टक्के प्रथिनें व जवळजवळ निम्मा स्नेह असतो; दिवसभर राबणाऱ्या उपोषित गृहिणीस हा केवढा आधार! या परदेशी अतिथीस फराळाच्या पानांत स्थान देणारे आमचे पूर्वज खरोखर सुज्ञ होते. मग उपवासाच्या बारीकसारीक नियमांवरून सुनांस बोल लावतांना आम्हींच तेवढें कृपण कां व्हावें?