सासूबाईंचे गोंदण

मराठवाड्यातील सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीचा हात हाती घेतला, की बांगड्यांच्या वर हिरवट-निळ्या ठिपक्यांची नक्षी बहुधा दिसतेच. कपाळावर कुंकवाच्या जागी एक टिकली, हनुवटीवर एक किंवा तीन ठिपके, हातावर तुळस, विंचू, फणी, चांदणी, आणि पुष्कळदा एखादे नाव. नित्य पाहण्यातले असल्यामुळेच त्याकडे आपले लक्ष जात नाही. ते चित्र कोणी काढले आणि कशावर बघून काढले, हा प्रश्न तर सहसा मनात येतच नाही. ते कशावरही बघून काढलेले नसते. कागद नाही, छापा नाही, साचा नाही. गोंदणारीण मुलीचा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घेई आणि त्या हाताची लांबी, जाडी, उतार पाहून तेथेच चित्र मांडीत असे. म्हणून दोन सख्ख्या बहिणींच्या हातांवरची तुळसही कधी सारखी नसते.

माझ्या सासूबाईंचे माहेर जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातले. नेमगिरीच्या यात्रेला बैलगाडीने जाणारे, शेतीवाडीचे कुटुंब. खेड्यांतली आपली जैन घरे भाषेने आणि पेहरावाने शेजाऱ्यांसारखीच असत, तशी गोंदणानेही. सासूबाईंना गोंदले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. सालाचा हिशेब त्या ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी’ असा सांगतात, म्हणजे 1947. सुगीनंतर गोंदणाऱ्या बायका गावात आल्या, पारापाशी उतरल्या आणि गल्लीतल्या सगळ्या मुलींची एकदमच पाळी आली. दिव्यावर धरलेली काजळी, तीत कसल्याशा पाल्याचा रस, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, एवढेच सामान. काडी काजळीत बुडवून आधी कातडीवर रेघ ओढायची आणि ती वाळण्याच्या आत टोचायला लागायचे. मुलीने रडू नये म्हणून टोचताना गाणे चालू. शेवटी हळद-तेल. मोबदला सुपभर ज्वारी.

सासूबाईंच्या उजव्या हातावर एक तुळस आहे आणि तिच्याखाली नाव आहे. नवऱ्याचे नव्हे, आईचे. त्या पाच वर्षांच्या असताना आई गेली. तिचा फोटो नाही, हस्ताक्षर नाही (ती निरक्षरच होती), आणि दागिने होते तेही पुढे मोडले गेले. वडिलांनी मुलीच्या हातावर आईचे नाव घालायचे ठरवले. शाळेच्या गुरुजींकडून ते पाटीवर लिहून आणले आणि पाटी गोंदणारणीसमोर धरली. तिलाही अक्षर ओळखीचे नव्हते. तिने विंचू काढावा, फणी काढावी, तसेच ते नाव काढले. तिच्या दृष्टीने तेही एक चित्रच होते. त्या नावातला ‘द’ उलटा पडला आहे, आरशात दिसावा तसा. बाकीची अक्षरे मात्र इतकी डौलदार आहेत, की ती काढणाऱ्या बाईला वाचता येत नव्हते यावर पटकन विश्वास बसत नाही.

सासूबाई पुढे मुलांबरोबर अक्षरे शिकल्या आणि तेव्हा त्यांना ‘द’ कळला. त्यांना त्याचे काहीच वाटले नाही. ‘सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं,’ हे वाक्य त्या आजही म्हणतात. वास्तविक आपल्या तत्त्वज्ञानात देहच येथे राहतो, मग त्यावरचे ठिपके कोठून बरोबर येणार? रोज नेमाने सामायिक करणाऱ्या सासूबाईंना हे मी काय सांगावे! त्या दोन्ही गोष्टी मानतात आणि दोन्हींना एकमेकींची अडचण होत नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीने जाहीर केले, की आजीच्या हातावरचे गोंदण तिला स्वतःच्या हातावर हवे आहे. तुळस, नाव आणि उलटा ‘द’, जसेच्या तसे.

घरात जे व्हायचे ते झाले. चुलत सासूबाईंचा पहिला प्रश्न अविनयाचा होता. अंगावर देवाचे नाव वा प्रतिमा नको, कारण ते अंग नको तेथेही जाते. हे मलाही पटते. पण येथे देवाचे नाव नव्हते, पणजीचे होते, म्हणून तो मुद्दा मिटला. माझी भीती सुईची होती. एकाच सुईने गल्लीभर गोंदण्याच्या त्या पद्धतीतून रक्तावाटे कावीळ पसरू शकते, हे आज आपण जाणतो. आजच्या दुकानात सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढली पाहिजे आणि वापरून टाकून दिली पाहिजे. शाईची लहान वाटीही प्रत्येकाला नवी हवी. नोकरीचे म्हणाल, तर सैन्यभरतीत अंगावरच्या टॅटूला ठरावीक जागांपुरतीच मुभा असते. मुलीला तिकडे जायचे नव्हते, एवढाच काय तो दिलासा.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांतून मुद्दाम विचारावी अशी आहे. टॅटूच्या काही काळ्या शायांत जाळलेल्या हाडांची पूड असते. शाई पातळ करणारे ग्लिसरीन प्राण्यांच्या चरबीचे असू शकते आणि काहींत लाखेचा अंश असतो. प्राणिज घटक नसलेल्या शायाही मिळतात. बाटलीवर तसे लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. या बाबतीत सासूबाईंची दिव्याची काजळी आणि पाल्याचा रस पुष्कळ निर्धोक म्हणायचा!

परवानगी मिळाली, पण काम अडले ते नक्कल करण्यापाशी. आजच्या दुकानांत बहुधा चित्र संगणकावर तयार होते, विशिष्ट कागदावर छापले जाते आणि तो कागद ओल्या कातडीवर दाबला की जांभळ्या रेघा उमटतात. त्या रेघांवरून यंत्र फिरते. मुलीने आजीच्या हाताचा फोटो काढून एका दुकानात पाठवला. उत्तरादाखल आलेल्या चित्रात तुळस दोन्ही बाजूंनी सारखी झाली होती आणि ‘द’ सरळ झाला होता. मग तिने पारदर्शक कागद आजीच्या हातावर ठेवून चित्र गिरवले. तेही फसले. सत्त्याऐंशी वर्षांची कातडी सैल झालेली, घड्या पडलेली. कागदावर आली ती सुकलेली, एका अंगाला कललेली तुळस.

या यंत्राचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एडिसनने 1876 मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले होते. ती लेखणी कागदाला बारीक छिद्रे पाडी आणि त्या छिद्रांतून शाई फिरवून एका मजकुराच्या अनेक प्रती निघत. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने 1891 मध्ये गोंदणाच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे प्रती काढण्यासाठी जन्मलेले उपकरण अशा पृष्ठभागावर आले, जेथे दुसरी प्रत निघूच शकत नाही.

शेवटी परभणीतलाच एक तरुण मिळाला. कागद न वापरता थेट कातडीवर पेनाने चित्र काढून मगच गोंदणारा. तो घरी आला, ‘जय जिनेंद्र आजी’ म्हणाला आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी पाऊण तास नुसता त्यांचा हात पाहत बसला. कोपरापासून मनगटापर्यंत हात निमुळता होतो, आणि तळवा उलटासुलटा केला की आतले एक हाड दुसऱ्यावर फिरते आणि कातडीही पिळते. म्हणून हात टेबलावर सपाट ठेवून काढलेली सरळ रेघ हात सोडून उभे राहिले की वळलेली दिसते. हे त्याने मला माझ्याच हातावर एक रेघ ओढून दाखवले. मुलीला त्याने उभे केले, हात सैल सोडायला सांगितला आणि फिक्या रंगाच्या पेनाने तुळशीचा देठ काढला. पुसला. पुन्हा काढला. चौथ्यांदा देठ जमला, तेव्हा गडद पेनाने फांद्या आल्या.

‘आजी, यात डावीकडं पाच पानं आहेत अन् उजवीकडं चारच. विसरली असेल का हो ती बाई?’ त्याने विचारले.

‘विसरती कशाची! मी हात ओढून घेतला,’ सासूबाई म्हणाल्या.

सत्तर-पंचाहत्तर वर्षे आम्ही ती तुळस अशीच समजत होतो. ते न फुटलेले पान नऊ वर्षांच्या मुलीने ओढून घेतलेल्या हाताचे आहे, हे त्या दिवशी कळले. तरुणाने पेन खाली ठेवले. हे पान मुलीच्या हातावर काढायचे की नाही, असे त्याने विचारले. मुलगी आजीकडे पाहू लागली, तशा सासूबाई काहीशा चिडूनच म्हणाल्या, ‘मला कोणी इचारलं होतं का? दोघींनी धरून ठेवलं, तिसरीनं टोचलं. तुला इचारायलेत, तर नीट इचार करून सांग. उगं माझ्याकडं बघू नको.’

जुन्या गोंदणाविषयी हळवे होऊन लिहिणारे बरेच असतात, आणि त्यातल्या कलेविषयी ते खोटेही नाही. मिथिलेत दुसाध समाजातील स्त्रियांनी गोंदणाच्या आकृती कागदावर आणून स्वतंत्र चित्रशैली घडवली, तिचे कौतुक जगभर झाले. कागदावर आलेले चित्र टिकते, विकले जाते, भिंतीवर लागते. पण ज्या कातडीवर ते प्रथम उमटले तिचे म्हणणे कागदावर येत नाही. सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर मला त्यांच्या हाताकडे पूर्वीसारखे नुसत्या कौतुकाने पाहता येईना.

गोंदणाचा रंग कातडीत इतकी वर्षे कसा राहतो, याचा शोध फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून घेतला. कातडीतल्या काही पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते उचलतात. रंग तोच, सांभाळणाऱ्या सतत बदलत्या. सासूबाईंना हे मी जमेल तसे सांगितले. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला आणि जेवायला काय केले आहे ते विचारले.

त्या दिवशी गोंदले नाही. पेनाचे चित्र चार दिवस मुलीच्या हातावर राहिले आणि आंघोळीबरोबर फिके होत गेले. तिने पक्के ठरवले आहे, पण दिवस घेतला आहे तो चातुर्मास संपल्यानंतरचा. उजवीकडची पाने तिने चारच ठेवायची ठरवली नाहीत. तिच्या तुळशीला दोन्हीकडे पाच पाने असतील, कारण तिचा हात कोणी धरणार नाही. नाव मात्र आजीच्या हातावर आहे तसेच. सुट्टीला घरी आली की ती खाटेशेजारी बसते आणि पेन घेऊन ते नाव आपल्या हातावर स्वतः काढून पाहते. सगळी अक्षरे जमतात. उलटा ‘द’ तेवढा अजून जमत नाही. शिकलेला हात सवयीने सरळच वळतो.