सर्व्हरवरचं गिट

सगळ्यांच्या सर्व्हरवर गिटची कोणती आवृत्ती ठेवायची, यावर आज पुन्हा काथ्याकूट. पोरांना अगदी ताजी हवी. मला डेबियन १२ सोबत येणारी २.३९ पुरते. आकडा जुना दिसतो खरा; पण डेबियनवाले सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणून बसवतात. भोक बुजतं, आकडा फारसा हलत नाही. हे पटवताना घसा कोरडा पडतो.

एप्रिल २०२२ मधली २.३५.२ आली ती नेमकी सामायिक यंत्रांच्या दुखण्यावर. वरच्या एखाद्या फोल्डरात दुसऱ्याच कुणी ‘डॉट-गिट’ ठेवून दिलं, तर त्यातल्या सेटिंगमधून त्याच्या कमांड आपल्या नावावर चालू शकायच्या. तेव्हापासून फोल्डरचा मालक वेगळा दिसला की गिट अडून बसतं. मग ‘सेफ डॉट डिरेक्टरी’त तो पाथ नोंदवायचा. आणि कुणीतरी वैतागून तिथे नुसता स्टार टाकून मोकळं होतं, म्हणजे पहारेकऱ्यालाच सुट्टी! मग नव्या आवृत्तीचा हट्ट कशाला?

ज्याला ताजंच हवं त्याने आपल्या होम फोल्डरात खुशाल कंपाइल करून घ्यावं. बाकी सगळ्यांना ‘ॲप्ट’ देईल ते.