रंगारी की सुतार?

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं आणि घरात दोन तट पडले. लेकीला जुनं सगळं काढून मॉड्युलर हवं होतं. सासूबाईंचं म्हणणं, रंगाचा एक हात मारा की झालं. आमची नाशिकची इमारत जुनी, तेव्हा मांडणीही जुनीच. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा, त्यांना लाकडी चौकटी आणि सनमायका लावलेली प्लायची दारं. वर मात्र सागवानी कपाटं, ऑइल पेंट मारलेली.

शोरूममधल्या मुलाने स्क्रीनवर चकचकीत चित्रं दाखवली. "कडप्पा तोडावा लागेल," म्हणाला. प्लाय कोणता वापरणार? "वॉटरप्रूफ आहे, मॅडम." हा शब्द बाजारात फार सैल वापरतात. पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो. नुसतं एमआर लिहिलं असेल तर तो दमट हवेपुरताच. शिक्का दाखवा म्हटल्यावर त्याने कॉफी विचारली.

मग ओळखीचे सुतार आले. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. खाली बसून सिंकखालच्या फळीत पेचकस टोचला, तो सरळ आत गेला. प्लायचे पदर खारीसारखे सुटले होते. "वहिनी, नळ गळत नाही. सिंक आणि ओट्याच्या सांध्यातून पाणी झिरपतंय. आधी ते बुजवा, नाहीतर नवीन फळीपण जाईल." रंग की नवं, या आमच्या वादात हा सांधा कुणाच्या डोक्यातही नव्हता. वरच्या सागवानी दारांवर त्यांनी बोटाने टकटक केलं, आवाज भरीव आला. बिजागऱ्या तेवढ्या सैल झाल्या होत्या. स्क्रूच्या भोकांत फेव्हिकॉल लावून बांबूच्या काड्या ठोकल्या आणि पुन्हा स्क्रू पिळले, तेवढ्यावर दारं जागेवर आली.

खरं तर आख्ख्या स्वयंपाकघराला एकच प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. सागाला रंग पुरेसा होता. सनमायकाला रंगवायचं मी नाकारलं. तो रंग पीत नाही. पॉलिश पेपरने खरवडून, त्याला चालणारा प्रायमर लावूनही रोज हात लागतो त्या कडेला पोपडे निघायची धास्ती राहतेच. तिथे फक्त दारं नवी केली. सिंकखाली फळी पुन्हा घातलीच नाही, दार पीव्हीसीचं बसवलं. ते पाण्याने फुगत नाही, पण उष्णतेने वाकतं, म्हणून गॅसजवळ नको म्हटलं. आणि कडप्पा तोडायचा कशाला? तो कुजत नाही, वाळवी त्याला खात नाही. प्लायचा कुठला बॉक्स एवढा टिकणार?

लेकीची समजूत एका खणात स्टीलची ट्रॉली बसवून काढली.

रंगाऱ्याचं खरं काम रंगाच्या आधीचंच निघालं. गॅसवरच्या कपाटाला फोडण्यांचा चिकट थर होता. सोड्याच्या पाण्याने धुतला, पुसला, तरी बोट फिरवलं की तेलकट लागायचं. तो पुरता निघेपर्यंत त्याने ब्रश हातात घेतला नाही. सासूबाईंना पांढरा रंग हवा होता. पांढरा ऑइल पेंट घरात पिवळा पडतो, असं त्याने सांगितल्यावर फिकट राखाडीवर तडजोड झाली. रंग वरून सुकला तरी आतून ओला असतो, दारं चौकटीला चिकटतील, म्हणून ती बरेच दिवस अर्धवट उघडी ठेवावी लागली, आणि घरातल्या प्रत्येकाने त्यांवर आळीपाळीने डोकं आपटून घेतलं.